हान्स स्पेमान : न्यूटच्या अंड्यांतून उलगडलेले गर्भाचे कोडे

मृगाचे चार पाऊस झाले की पाटण खोऱ्यातल्या भातखाचरांत, केरा आणि कोयनेच्या काठच्या डबक्यांत बेडकांची अंडी दिसू लागतात. साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत गोळा, आत मोहरीएवढे काळे ठिपके. झाडावर राहणारे बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाची घरटी लटकवतात ती वेगळीच. ज्यांचे लहानपण या भागात गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती अंडी कधी ना कधी काचेच्या बरणीत घालून घरी आणली असतील आणि चार-सहा दिवसांत पाण्याला वास सुटल्यावर घरच्यांच्या शिव्याही खाल्ल्या असतील. युरोपातली मुले हाच उद्योग न्यूटच्या अंड्यांवर करतात. आणि तिथल्या एका प्राध्यापकाने तर हाच उद्योग जन्मभर केला. त्याबद्दल त्यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव हान्स स्पेमान.

न्यूट आपल्याकडे कोणी पाहिलेला नसतो, म्हणून आधी त्याची ओळख. दिसायला हा पालीसारखा, पण भाऊबंदकी बेडकाशी. अंगावर खवले नाहीत, कातडी ओलसर, शेपूट मात्र जन्मभर टिकणारे. सॅलॅमँडर कुळातल्या या प्राण्यांपैकी भारतात आढळतो तो दार्जिलिंगच्या डोंगरांत आणि ईशान्येकडे. सह्याद्रीत एकही नाही. आपल्या वाट्याला बेडूक आले, पाय नसलेले देवगांडूळ आले, आणि कोयनेच्या नावाने ओळखला जाणारा एक भेक आला. १९६३ साली सोमण यांनी शिवसागर जलाशयाच्या परिसरातून त्याची नोंद केली, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच कोयना आहे. उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्या जागा सोडल्या तर तो जगात कुठेच नाही.

न्यूटची मादी बेडकीसारखी अंड्यांची रास घालत नाही. ती एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानावर ठेवते आणि मागच्या पायांनी ते पान दुमडून अंडे त्यात गुंडाळते. एका हंगामात अशी दोन-तीनशे पाने दुमडली जातात. दोन-तीन आठवड्यांत पिल्लू बाहेर पडते. मानेशी पिसांसारखे कल्ले, आणि बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात तर याला आधी पुढचे. पिल्लू पक्के मांसाहारी. पाण्यातले हलते किडे मिळाले नाहीत तर भावंडाचा पाय तोडायलाही मागेपुढे पाहत नाही. तोडलेला पाय पुन्हा उगवतो, हा भाग निराळा.

पाळणाऱ्यांना छळणारी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तुरेवाला न्यूट या जातीची अंडी कितीही जपा, स्वच्छ पाणी द्या, बुरशी वेचून काढा, निम्मे भ्रूण वाढीच्या मध्यावर मरतातच. यात पाळणाऱ्याची चूक काहीच नसते. या जातीच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे दोन प्रकार आहेत आणि जगायला दोन्ही लागतात. ज्या पिल्लाला आईबापांकडून एकच प्रकार दोनदा मिळतो ते जगत नाही. हिशेब केला तर बरोबर अर्धी संतती जाते. निसर्ग इतका उधळ्या कारभार का चालवत असेल, यावर शास्त्रज्ञ आजही डोके खाजवत आहेत. पुढे येणाऱ्या प्रसिद्ध प्रयोगात हीच जात होती, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवले.

स्पेमान यांचा जन्म २७ जून १८६९ चा, जर्मनीतल्या स्टुटगार्टचा. वडील पुस्तकांचे प्रकाशक, घर पुस्तकांनी भरलेले. मुलाने धंदा पुढे चालवावा अशीच साहजिक अपेक्षा. शाळा संपल्यावर हान्सने वर्षभर वडिलांच्या कामात घालवले, मग सैन्यातली सक्तीची नोकरी केली आणि १८९१ साली बावीस वर्षांचा असताना हायडेलबर्गला वैद्यक शिकायला गेला. तिथे गुस्ताव वोल्फ नावाच्या संशोधकाशी त्याची ओळख झाली. वोल्फ न्यूटच्या डोळ्यातले भिंग काढून टाकत आणि नव्या भिंगाची वाट पाहत. भिंग परत येई, पण गर्भात ते जिथून तयार होते तिथून नव्हे, तर बुबुळाच्या कडेपासून. मोतीबिंदूचे भिंग काढल्यावर माणसाला ते पुन्हा कधीच येत नाही, म्हणून कृत्रिम बसवावे लागते. न्यूट मात्र स्वतःच नवे घडवतो. या गोष्टीने स्पेमान यांच्या मनात घर केले. डॉक्टरकी मागे पडली. वुर्झबर्गला थिओडोर बोव्हेरी यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्रात १८९५ साली डॉक्टरेट मिळवली, त्याच वर्षी क्लारा बिंडर यांच्याशी लग्न केले.

आणि मग क्षयाने गाठले. १८९६ चा हिवाळा त्यांनी आरोग्यधामात काढला. कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून चौदा वर्षे झाली होती, पण औषध यायला अजून जवळजवळ अर्धे शतक होते. स्वच्छ हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम ज्यांना आठवते, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या त्या महिन्यांत स्पेमान यांनी ऑगस्ट वाइसमान यांचा आनुवंशिकतेवरचा ग्रंथ वाचला. आजारपणातल्या वाचनाने माणसाच्या आयुष्याची दिशा ठरते असे पुष्कळदा सांगतात. इथे ती खरोखरच ठरली.

वाइसमान यांचे म्हणणे थोडक्यात असे. अंड्यात संपूर्ण प्राण्याचा आराखडा असतो आणि अंडे विभागत जाते तसा त्या आराखड्याचा एकेक तुकडा एकेका पेशीच्या वाट्याला येतो. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी व्हावी तसे. शेवटी डोळ्याच्या पेशीकडे डोळ्यापुरतेच ज्ञान उरते, यकृताच्या पेशीकडे यकृतापुरते. ऐकायला पटणारी कल्पना. विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या अवस्थेत एक पेशी तापल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ झाला, म्हणजे पुरावाही होता. पण हान्स ड्रिश यांनी समुद्री अर्चिनच्या दोन पेशी सुट्या केल्या तर प्रत्येकीपासून पूर्ण पिल्लू झाले. खरे कोणते?

स्पेमान यांनी हा वाद न्यूटच्या अंड्यावर सोडवायचे ठरवले. हत्यार काय, तर आपल्या तान्ह्या बाळाचा केस. जावळाइतका मऊ आणि बारीक दोरा दुसरा मिळणे शक्य नव्हते. दीड-दोन मिलिमीटरच्या अंड्याभोवती त्या केसाचा फास टाकायचा आणि दोन पेशींच्या मधोमध हलक्या हाताने आवळायचा. पूर्ण आवळला तर पुष्कळदा दोन अर्ध्यांपासून दोन पूर्ण पिल्ले मिळत. अर्धवट आवळला तर दोन डोक्यांचे एक. वाटणीची कल्पना तिथेच संपली. पण कधीकधी चमत्कारिक प्रकार होई. एका अर्ध्यापासून नीट पिल्लू आणि दुसऱ्यापासून नुसता पोटाचा गोळा, ज्याला ना पाठीचा कणा ना मेंदू. दोन्ही अर्धी सारखीच दिसणारी, मग एकाला असे काय मिळाले जे दुसऱ्याला मिळाले नाही? हा प्रश्न स्पेमान यांनी वीस वर्षे सोडला नाही.

या वीस वर्षांत नोकऱ्या बदलल्या. १९०८ साली रोस्टॉकला प्राध्यापकी, १९१४ साली बर्लिनजवळ डालेमच्या कैसर विल्हेल्म संस्थेत, १९१९ साली फ्रायबुर्गला. काम मात्र तेच. काचेच्या टाक्यांत न्यूट पाळायचे, वसंतात पानांतून अंडी वेचायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करायची. काच तापवून ओढलेल्या सुया, केसांचे फास, मेण ओतलेल्या बशीत अंडे बसवायला केलेला खळगा, तुकडा जागेवर दाबून धरायला काचेची चिमुकली पट्टी, अशी सगळी हत्यारे घरगुती होती. ती इतकी नेमकी होती की पुढच्या पिढ्यांनी फारसा फरक न करता वापरली. अंड्यावरचे जेलीचे आणि त्याखालचे पातळ आवरण काढले की भ्रूण उघडा पडतो. मग त्याला पाण्याच्या पृष्ठभागाचा नुसता स्पर्शही सहन होत नाही, फुटतो. जगला तर जंतू लागतात. प्रतिजैविके नव्हतीच. आणि हे सगळे वर्षातून काही आठवडेच करता येई, कारण न्यूट अंडी घालतात तेवढ्याच दिवसांत. हंगाम चुकला की थेट पुढच्या वसंतापर्यंत थांबणे. भात लावणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

डालेमला महायुद्धाच्या वर्षांत त्यांनी भ्रूणांच्या कातडीची अदलाबदल केली. जिथे पुढे मेंदू व्हायचा तिथला तुकडा पोटावर आणि पोटाचा तुकडा मेंदूच्या जागी. भ्रूण अगदी लहान असेल तर तुकडा नव्या जागेचा धर्म पाळी, पोटावर बसवलेला भावी मेंदू गुपचूप पोटाची कातडी होई. थोडा मोठा झाला की मात्र हट्ट धरून आपला जुनाच अवयव बनवी. एकच जागा या नियमाला अपवाद होती. भ्रूणाच्या पेशी ज्या फटीतून आत शिरतात, त्या फटीची पाठीकडची कडा. तिथला तुकडा कुठेही लावा, तिथे दुसऱ्या गर्भाची सुरुवात होई. आधी स्पेमान यांना वाटले की तो तुकडा स्वतःच वाढून हे सगळे बनवतो. खात्री करायची तर लावलेल्या पेशी आणि मूळच्या पेशी वेगळ्या ओळखता यायला हव्या होत्या. उपाय साधा निघाला. तुरेवाल्या न्यूटचे अंडे फिकट असते आणि साध्या न्यूटचे तपकिरी. फिकटातला तुकडा तपकिरीवर लावायचा, मग कोणती पेशी कोणाची हे रंगच सांगेल.

हे काम त्यांनी एका विद्यार्थिनीला दिले. हिल्डे प्रोशोल्ट. जन्म १८९८, थुरिंजियातल्या गोथा गावचा. फ्रँकफुर्टला शिकत असताना त्यांनी स्पेमान यांचे व्याख्यान ऐकले आणि १९२० साली त्या फ्रायबुर्गला दाखल झाल्या. सुरुवातीला स्पेमान यांनी त्यांना दुसराच विषय दिला होता, हायड्रा हा नखाएवढा पाणजीव मोजासारखा उलटा करायचा. अठराव्या शतकात कुणाला तरी जमलेले ते काम हिल्डे यांना काही केल्या जमेना. त्या वैतागल्या, आणि मग न्यूटचा प्रयोग हाती आला. १९२१ आणि १९२२ असे दोन वसंत त्यांनी यात घालवले. अडीचशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. दहांतला जेमतेम एक भ्रूण पाहण्याजोगा होईपर्यंत जगला. बाकीचे फुटले, सडले, विरघळले. एवढ्या मरणातून पुन्हा सकाळी सूक्ष्मदर्शकाशी बसायला काय लागत असेल याची कल्पना ज्याने एकदा तरी अंड्यांची बरणी सडताना पाहिली आहे तो करू शकेल.

जे जगले त्यांनी जीवशास्त्र बदलले. तपकिरी भ्रूणाच्या पोटाशी दुसरा गर्भ जोडलेला, सयामी जुळ्यासारखा. त्याचे पातळ काप काढून पाहिले तर त्याचा कण्यापूर्वीचा दांडा, म्हणजे पृष्ठरज्जू, फिकट पेशींचा होता. पण त्यावरची मज्जारज्जूची नळी जवळजवळ सगळी तपकिरी. म्हणजे यजमानाच्याच पेशींची. ज्या पेशी पोटाची कातडी व्हायच्या, त्या शेजारी येऊन बसलेल्या पाहुण्याच्या सांगण्यावरून मज्जातंतू झाल्या होत्या. गर्भात पेशी एकमेकींशी बोलतात आणि शेजाऱ्याचे ऐकून आपले भवितव्य बदलतात, हे पहिल्यांदा असे डोळ्यांनी दिसले. त्या कडेच्या तुकड्याला स्पेमान यांनी संघटक म्हटले. वीस वर्षांपूर्वीच्या पोटाच्या गोळ्याचे कोडेही सुटले, कारण त्या अर्ध्यात संघटक गेलाच नव्हता.

आता जरा कटू भाग. स्पेमान यांचे इतर विद्यार्थी आपला प्रबंध एकट्याच्या नावाने छापत. हिल्डे यांच्या प्रबंधावर मात्र स्पेमान यांनी आपले नाव घातले, तेही पहिले. हिल्डे यांना ते आवडले नव्हते. कल्पना स्पेमान यांचीच होती, निष्कर्षाची मांडणीही बरीचशी त्यांची, हे मान्य करायला हवे. पण कल्पना तर ते इतर विद्यार्थ्यांनाही देत आणि तिथे नाव घालत नसत. मोठ्या शोधाचा सुगावा लागल्यावर नियम बदलला, असाच याचा अर्थ होतो. त्याआधी १९२१ च्या शरदात हिल्डे यांनी स्पेमान यांचे सहायक ओटो मँगोल्ड यांच्याशी लग्न केले होते. १९२३ च्या डिसेंबरात मुलगा झाला. १९२४ च्या वसंतात पतीच्या नोकरीमुळे कुटुंब बर्लिनला गेले. प्रबंध त्याच वर्षी छापला गेला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, सासरच्या माणसांकडे राहायला गेलेल्या असताना, बाळाचे खाणे गरम करताना स्टोव्हचा भडका उडाला. भाजलेल्या हिल्डे वाचल्या नाहीत. वय पंचविशी उलटलेले, सव्विसावेही पुरे नव्हते. तो मुलगाही पुढे दुसऱ्या महायुद्धात मारला गेला.

नोबेल १९३५ साली आले ते एकट्या स्पेमान यांना. हिल्डे जाऊन अकरा वर्षे झाली होती.

मधल्या काळात प्रयोगशाळा जोरात होती. योहानेस होल्टफ्रेटर यांनी क्षारांचे असे द्रावण बनवले की उघडा भ्रूण त्यात आरामात तग धरू लागला. हिल्डे यांच्या वेळी ते असते तर त्यांची निम्मी मेहनत वाचली असती. त्यानंतर धक्का बसला. उकळून मारलेला संघटकही शेजारच्या पेशींना मज्जातंतू बनवू शकतो, असे १९३२ साली दिसून आले. म्हणजे हे कुठल्यातरी रसायनाचे काम. पण ते रसायन शोधायला निघालेल्यांची पुरती दमछाक झाली. न्यूटची कातडी इतकी भोळी की नाना पदार्थ तिला मज्जातंतू व्हायला भाग पाडत, त्यांचा संघटकाशी संबंध असो वा नसो. विषय साठ वर्षे अडकून पडला. १९९० च्या दशकात नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने सापडली तेव्हा उलगडा झाला, आणि तो अपेक्षेच्या अगदी उलट होता. संघटक शेजाऱ्यांना मज्जातंतू व्हा असे सांगतच नाही. त्या पेशी आपणहून तेच होणार असतात. त्यांना कातडी व्हायला लावणारा दुसरा एक संदेश असतो, त्याला संघटक अडवतो.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. स्पेमान यांचे शिष्य आणि हिल्डे यांचे सहाध्यायी व्हिक्टर हॅम्बर्गर तेव्हा शिष्यवृत्तीवर शिकागोला होते. फ्रायबुर्गची जागा गेली आणि ते अमेरिकेतच राहिले. होल्टफ्रेटर यांनीही पुढे जर्मनी सोडली. स्पेमान तिथेच राहिले, १९३५ मध्ये निवृत्त झाले. १९३८ च्या पुस्तकात त्यांनी एक अचाट वाटणारा प्रयोग सुचवला. वाढलेल्या पेशीचे केंद्रक काढून, केंद्रक नसलेल्या अंड्यात घालून पाहावे. तो कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी त्याच वाटेवरची. स्पेमान सप्टेंबर १९४१ मध्ये फ्रायबुर्गला वारले.

या सगळ्याचा आपल्या आरोग्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. माणसाच्या गर्भातही पृष्ठरज्जू असतो, त्यावर मज्जानलिका तयार होते आणि गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीवर उघडी गाठ राहते किंवा कवटीच पूर्ण बनत नाही. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे तोवर नक्की कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक आम्लाची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. रोज ४०० मायक्रोग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात. आधी असे बाळ झालेल्या मातांवर सात देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांत या गोळीने दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. ही गोळी न्यूटच्या अंड्यातून निघाली नाही, हे खरे. पण नळी कशी बनते आणि इतक्या लवकर का बिघडते, हे समजण्याची वाट तिथूनच सुरू होते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला गेल्यावर मिळणारी गोळी गरोदरपणात हवीच, मात्र या एका कामासाठी तिला उशीर झालेला असतो, ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

महाराष्ट्रातही या परंपरेचा एक धागा आला. संघटक पक्ष्यांतही असतो हे दाखवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे एडिंबरात शिकून डॉ. लीला मुल्हेरकर पुण्याला परतल्या आणि विद्यापीठात त्यांनी कोंबडीच्या भ्रूणावर काम उभे केले. आपल्याकडे न्यूट नसले तरी कोंबडीचे अंडे बारमाही मिळते, आणि वसंताची वाटही पाहावी लागत नाही.

हॅम्बर्गर शंभर वर्षे जगले. ऐंशी ओलांडल्यावर, १९८४ साली, त्यांनी आपल्या जुन्या सहाध्यायिनीवर एक लेख लिहिला. हायड्राचा वैताग, प्रबंधावरच्या नावांची गोष्ट, स्टोव्हचा अपघात, हे बरेचसे जगाला त्यातूनच कळले. त्यानंतरच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांत त्या कडेच्या तुकड्याचे नाव स्पेमान-मँगोल्ड संघटक असे छापले जाते.